चोपड्याच्या आरएक्सवाल्या उस्तादांकडे आठ वर्षं आणि ४१,००० किलोमीटर

इंजिनाचं काम करून आणल्यावर पहिल्या आठवड्यात जे कौतुक लिहिलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. नवं पिस्टन-रिंग टाकलं, पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करायच्या खिडक्या, मोकळे केले, की गाडी पळणारच. खरा प्रश्न पुढचा असतो: तेच इंजिन दोन उन्हाळे, चार पावसाळे काढल्यावर कसं आहे? म्हणून २०१७ च्या दिवाळीत करून घेतलेल्या कामाबद्दल मी आज, २०२५ चा पावसाळा संपता संपता लिहितोय. मधल्या काळात गाडी ४१,००० किलोमीटर चालली.

गाडी यामाहाची आरएक्स १००, १९९४ ची, एमएच १९ पासिंग. मोठ्या काकांनी घेतली होती, २००९ साली पासिंग नव्याने करून माझ्याकडे आली. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८५ ते १९९६ या काळात ती आपल्याकडे बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०, चार गिअर, ताकद ११ बीएचपी. थंड करायला पाणी नाही, पंखा नाही, फक्त ब्लॉकवरच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या, फिनच्या पातळ पट्ट्या आणि समोरून येणारा वारा. आणि आमच्या खान्देशात मे महिन्यात तो वाराच ४५ अंशांचा असतो.

मी ठिबकची कामं करतो. चोपडा, यावल आणि शिरपूर तालुक्यांतल्या केळीच्या बागा, थोडा कापूस. लांबच्या बागेत काम असलं की दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, त्यातले निम्मे शेतरस्त्याचे. मागे फिटिंगची पिशवी, कधी नळीचं बंडल. गाडी शर्यतीसाठी ट्यून केलेली नाही. बंडल घेऊन सातपुड्याकडे चढताना दुसऱ्या गिअरवर अडकायचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर काकांच्या गाडीला एकदा नीट जीव आणायचा होता.

गॅरेज चोपड्यात, यावल रस्त्याला. दुकानाला पाटीच नाही, त्यामुळे नाव लिहायचं तरी काय. बसस्टँडवर ‘आरएक्सवाले उस्ताद’ म्हणून विचारा, कोणीही बोट दाखवेल. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, आत एक ओटा, ओट्यावर जुनी सतरंजी. उघडलेलं इंजिन त्या सतरंजीवरच ठेवायचं, जमिनीवर नाही, हा तिथला नियम. हाताखाली दोन पोरं. बोअर करायचं आणि क्रँकचं काम उस्ताद स्वतः करत नाहीत, जळगावच्या एका लेथवाल्याकडे पाठवतात. पण लेथवरून आलेली प्रत्येक वस्तू आपल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजतात. माझ्यासमोर एकदा ब्लॉक परत पाठवला होता, खालच्या बाजूला बोअर किंचित निमुळता आला होता म्हणून.

२०१७ ला काय केलं ते आधी सांगतो. ब्लॉक पहिल्या ओव्हरसाइजला, म्हणजे ५०.२५ ला बोअर केला. एक्झॉस्ट पोर्टचं छत एक मिलिमीटर वर घेतलं, ट्रान्सफर पोर्टच्या आणि क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीच्या, कडा एकमेकींना जुळवल्या. इंजिनातला दाब वाढावा म्हणून हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, घासताना मी अर्धा मिलिमीटर घ्या म्हणालो होतो. त्यांनी ०.३ च घेतला. म्हणाले, डिसेंबरात मजा येईल, मे महिन्यात पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसेल. सायलेन्सर कंपनीचाच ठेवला, आवाज वाढवायला साफ नकार.

त्या कामातली एक गोष्ट मी ओट्याशी बसून पाहिली आणि ती मला महत्त्वाची वाटते. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. टू-स्ट्रोकमध्ये रिंग प्रत्येक फेरीला त्या खिडक्यांवरून घासत जाते, आणि खिडकी जितकी मोठी केली तितकी रिंग तिथे बाहेर फुगते. कड धारदार राहिली तर रिंग अडकते, तुटते, आणि तुटलेला तुकडा ब्लॉक नासवतो. उस्तादांनी एक बारीक अर्धगोल कानस घेतली आणि ब्लॉक मांडीवर आडवा धरून एकेका पोर्टची कड मारायला बसले. दोन-तीन हात मारायचे, करंगळीचं टोक आत घालून फिरवायचं, पुन्हा दोन हात. शेवटी त्यांनी जुन्या बनियनचा कापूस पोर्टवरून ओढला. जिथे धागा अडकला तिथे परत कानस. सहा खिडक्यांना दीड तास गेला. तोवर बाजूच्या दुकानातून चहा दोनदा आला. आज ४१,००० ला माझ्या गाडीत रिंग एकदाही तुटलेली नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या दीड तासाला देतो.

चालायला कशी आहे? अगदी खालची ओढ थोडी कमी झाली, शेतातून निघताना क्लच जास्त लागतो. तिसऱ्या गिअरला चाळीसच्या पुढे मात्र गाडी वेगळी आहे. बंडल लादूनही सत्रासेनच्या बाजूचा चढ तिसऱ्यावर निघतो. पेट्रोल जास्त पिते, लिटरला आधी बेचाळीस-त्रेचाळीस मिळायचे, आता तेहेतीस-चौतीस. हे उस्तादांनी आधीच सांगितलं होतं.

आता बिघाडाचं. मे २०१९, काम करून ८,६०० किलोमीटर झाले होते. अडावदहून दुपारी दोनला चोपड्याकडे निघालो. साठच्या आसपास वेग, रस्ता सरळ. इंजिनाचा आवाज आधी घट्ट झाला, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा, आणि दुसऱ्या क्षणी मागचं चाक घासत गेलं. पिस्टन पकडला. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटं क्लचवर असतात, माझीही होती, म्हणून पडलो नाही. कडुलिंबाखाली गाडी लावून उस्तादांना फोन केला. त्यांचं उत्तर: “भाऊ, किक मारू नको. गरम शे. थंडी व्हवू दे, मंग दखूत.” आणि तासाभराने त्यांचा पोरगा छोटा हत्ती घेऊन आला.

ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन आणि आतल्या बाजूला एक असे उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम वितळून ब्लॉकला चिकटलेलं. प्लग पांढराफटक. म्हणजे मिश्रण पातळ झालं होतं, हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी. कार्बोरेटर ठीक होता. शेवटी सापडलं ते मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. त्याचं रबर नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं कडक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते. सील गेलं की तिथून फुकटची हवा आत जाते, आणि त्या हवेबरोबर ऑइल येत नाही. मग उस्तादांनी मला विचारलं, गेल्या काही दिवसांत रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली यायचा की रेंगाळायचा? रेंगाळायचा. तीन आठवडे रेंगाळत होता आणि मी आयडलचा स्क्रू फिरवत बसलो होतो. ज्यांच्याकडे टू-स्ट्रोक आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: रेस सोडल्यावर इंजिन हळूहळू खाली बसत असेल तर स्क्रूला हात लावू नका, हवा कुठून जातेय ते शोधा. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर लक्षण वेगळं, इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर थांबत नाही.

चूक उस्तादांची होती. २०१७ ला क्रँककेस न उघडता वरचं काम केलं, आणि तेवीस वर्षांची सीलं तशीच राहिली. ताकद वाढवलेल्या इंजिनाला जुनी सीलं ठेवणं बरोबर नव्हतं. मला काही म्हणायची वेळच आली नाही. ते स्वतः म्हणाले, हे मी तेव्हाच बदलायला हवं होतं. मजुरी घेतली नाही, पिस्टन, सीलं आणि बोअरचे २,९०० रुपये झाले. ब्लॉक ५०.५० वर गेला. तेव्हापासून त्यांच्याकडे पोर्टिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीची सीलं आधी बदलली जातात; मी ते स्वतः पाहिलंय.

या गॅरेजला पैसे द्यावेत ते कशासाठी असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, वहीसाठी. दोनशे पानी लांबट वही, प्रत्येक गाडीला एक पान. किलोमीटर, बोअर, पिस्टनची सैल, रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट), जेटचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राचा) नंबर, प्लगचा रंग. सगळं पेन्सिलीने. “पहिले माप, मंग पाना,” असं ते पोरांना सांगतात. माझ्या पानावर पिस्टन आणि ब्लॉकमधली सैल दोन थाऊ, म्हणजे ०.०५ मिलिमीटर लिहिली आहे. यापेक्षा घट्ट बसवलं तर आमच्या उन्हात पिस्टन फुगून पकडणार, ढिलं बसवलं तर थंडीत खडखडणार आणि स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, झिजणार. रिंगची गॅप नवी असताना ०.२०, सप्टेंबर २०२१ ला १९,४०० वर ती ०.५५ निघाली आणि रिंग बदलली. गाडी तेव्हा छान चालत होती. मला काहीच जाणवलं नव्हतं, वहीला जाणवलं होतं.

त्याच वेळी क्रँकही काढला. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली केला तर खेळ नव्हता, पण मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा बाजूचा खेळ वाढला होता. आरएक्सचा क्रँक दाबून जोडलेला असतो. प्रेसवर फोडायचा, पिन, रॉड आणि बेअरिंग नवं घालायचं, पुन्हा दाबायचं आणि मग दोन्ही टोकं एका रेषेत आणायची. जळगावला लेथवाल्याकडे मी बरोबर गेलो होतो. डायल गेज लावून क्रँक फिरवायचा, काटा कुठे उडतो ते पाहायचं, आणि तांब्याच्या हातोडीने एक ठोका. पुन्हा फिरवायचं. काटा ०.०२ च्या आत येईपर्यंत हे चाललं. क्रँक वाकडा राहिला तर बेअरिंगं आणि तीच ती सीलं आधी मरतात. ६,४०० रुपये, रिंगसह.

हवेच्या इंजिनाची निगा म्हणजे बरीचशी सफाई, आणि इथे माझ्या धंद्याचा मला उपयोग झाला. आमची काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पुढच्या चाकाने उडवलेली माती फिनांच्या मधे बसते आणि इंजिनाच्या उष्णतेने तिथेच भाजून निघते. बाहेरून फिन दिसतात, आत वारा शिरत नाही. मी दर रविवारी बांबूची पातळ कामटी घेऊन एकेक फट मोकळी करतो, मग ब्रश, मग पाणी, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. तापलेल्या ब्लॉकवर पाणी मारणारे लोक पाहिले की माझा जीव कळवळतो.

फिल्टरचं तसंच. ठिबकमध्ये फिल्टर तुंबला तर ड्रिपर मरतात, आणि फिल्टर काढून टाकला तर त्याहून लवकर मरतात. तरी आमच्याकडची पोरं ट्यून केलेल्या गाडीचा एअर बॉक्स काढून उघडा जाळीचा फिल्टर लावतात. कापसाच्या दिवसांत शेतरस्त्यावर जो फुफाटा असतो तो सरळ बोअरमध्ये. उस्तादांनी माझा एअर बॉक्स हलवू दिला नाही. फोम मी दर महिन्याला रॉकेलमध्ये, मग साबणाने धुतो, सावलीत वाळवतो, ऑइलमध्ये भिजवून पिळून लावतो. २०२१ ला ब्लॉक उघडला तेव्हा बोअर केल्यावर घासून मुद्दाम काढलेल्या होनिंगच्या तिरप्या रेघा इनटेकच्या बाजूला अजून दिसत होत्या.

ऑइल पंपाबद्दल मी उस्तादांशी वाद घातला होता आणि हरलो ते बरं झालं. ट्यूनिंग केलं की पंप काढून टाकायचा आणि टाकीतच टू-टी ऑइल मिसळायचं, असं सगळे सांगतात. त्यांचं म्हणणं, तू सातपुड्यातून खाली उतरतोस. उतारावर रेस बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय आणि पेट्रोल जवळपास जात नाही. ऑइल पेट्रोलमध्येच असेल तर तेही जात नाही. पंप मात्र फिरतो तोवर थोडं तरी ऑइल देतच राहतो. म्हणून पंप ठेवला, त्याच्या केबलची खूण नीट जुळवली, आणि एप्रिल ते जूनमध्ये टाकीत लिटरला दहा मिली वरून घालायचं ठरलं. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देण्याची सवयही त्यांनीच लावली. जास्तीच्या ऑइलने एक्झॉस्ट पोर्टला कार्बन लवकर धरतो, दर सहा हजारांना खरवडावा लागतो. त्यालाही कामटीच, स्क्रू ड्रायव्हर कधीच नाही.

२०२३ ला तिसरं बोअर आलं, ३१,२०० वर. इथे मला बाहेर फटका बसला. ०.७५ चं पिस्टन चोपड्यात मिळेना, म्हणून मी घाई करून एका मोठ्या शहरातल्या दुकानातून किट मागवलं. डबा कंपनीचा, चमकता स्टिकर, किंमतही तशीच. उस्तादांनी मायक्रोमीटर लावला तर स्कर्टचं माप डब्यावरच्या आकड्याशी जुळेना. रिंग जागेवर धरणारी खिट्टी नखाने हलत होती. ती निसटली की रिंग फिरून तिचं तोंड पोर्टमध्ये येणार. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, १,८०० रुपये गेले. उस्तादांनी ते पिस्टन बसवायला नाही म्हटलं आणि खऱ्या पिस्टनसाठी मला बावीस दिवस थांबवलं. ऐन केळी लागवडीच्या दिवसांत बावीस दिवस मी भाच्याच्या स्कूटरवर फिरलो, राग आला होता. आज नाही. ते काम ४,७०० ला पडलं.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत नवीन गोष्ट म्हणजे पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं. कॉम्प्युटर नाही की जो जुळवून घेईल. माझा प्लग भुऱ्याचा फिका पडायला लागला तो मार्चमध्ये. उस्तादांनी मेन जेट एक नंबर मोठा घातला, चाचणीसाठी मला यावलपर्यंत पिटाळलं, प्लग काढून पाहिला, आणि वहीत लिहिलं. पेट्रोलच्या नळ्याही नव्या टाकल्या, जुन्या फुगून मऊ पडल्या होत्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या दिवशी काम मिळत नाही. उस्ताद फोन उचलत नाहीत, दुकानातच जावं लागतं. बिल एकगठ्ठा कधीच कळत नाही, तुकड्यातुकड्याने सांगतात, मी आता आधीच कागदावर लिहून घेतो. रीड व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत गेलेलं मिश्रण परत न येऊ देणाऱ्या झडपेच्या, पात्यांची तपासणी ते स्वतःहून करत नाहीत, मागावी लागते. ट्यून केलेल्या इंजिनात त्या पात्यांची टोकं उडतात, उजेडाकडे धरून फट दिसते का ते दर वर्षी पाहायला हवं असं माझं मत आहे. आणि ज्याला फक्त आवाज आणि वेग हवा त्याने तिकडे जाऊ नये, त्याला ते परत पाठवतात.

आठ वर्षांत इंजिनावर, प्लग-ऑइल-क्लचप्लेट सोडून, २२,२०० रुपये झाले: सुरुवातीचे ८,२०० आणि वर सांगितलेले तीन खर्च. किलोमीटरला साधारण ५४ पैसे. वाया गेलेलं किट यात धरलेलं नाही, तो माझा मूर्खपणा नसला तरी घाई माझीच होती.

आज ब्लॉक ५०.७५ वर आहे, म्हणजे ९८ ची गाडी १०१ सीसीची झाली आहे. ३७,००० ला रिंगची गॅप ०.३० होती. आता एकच ओव्हरसाइज शिल्लक राहिली. त्यानंतर नवा लायनर, म्हणजे ब्लॉकच्या आतली नळी, टाकावा लागेल, आणि पोर्ट लायनरमध्येच कापलेले असल्यामुळे २०१७ चं ते सगळं कानसकाम त्याच्याबरोबर जाईल, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. उस्तादांची नजर आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. म्हणून गेल्या महिन्यात मोठ्या पोराला त्यांनी माझ्या पोर्टची मापं वहीतून उतरवून घ्यायला बसवलं, कागद आत घालून पाचही खिडक्यांचे ठसे पेन्सिलीने घेतले, सहावा एक्झॉस्टचा स्वतः घेतला. ते सहा कागद माझ्या पानाला टाचणीने लावलेले आहेत. पुढचं माप ४३,००० ला.